गोवा व्हाया औसा

प्रत्येक ग्रुपचा एक गोवा असतो, जो कधीच होत नाही. आमच्याही ग्रुपचा आहे. व्हॉट्सअॅपवर आमच्या ग्रुपचं नावच 'गोवा फायनल' होतं. २०२० साली ते 'गोवा २०२०' असं होतं. त्या वर्षी कोण कुठे जाऊ शकलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग झालं 'गोवा नक्की', मग 'गोवा डन', मग 'गोवा आता तरी', आणि शेवटी 'गोवा फायनल'. नाव काय ठेवायचं यावर दर वर्षी दोन दिवस चर्चा. प्लॅन कॅन्सल व्हायला पाच मिनिटं.

मंडळी चारच. पहिला एक्सेल. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण हा चहाचे पैसेसुद्धा शीटमध्ये टाकतो आणि महिनाअखेरीला 'तुझ्याकडून साडेसतरा रुपये येणे' असा मेसेज करतो. गाडी याची, हप्ते चालू असलेली, त्यामुळे आत बसून वेफर्स खायला बंदी. दुसरी जीपीएस. हिचा माणसांवर विश्वास नाही, नकाशावर आहे. स्वतःच्या घरी जातानाही मॅप लावते. तिसरा बाप्पा. याच्याबद्दल इतकंच सांगतो, की समोरचा नैवेद्य संपल्याशिवाय याचं विसर्जन होत नाही. आणि चौथा मी. मुक्काम पोस्ट औसा, जिल्हा लातूर. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली. इथे कुणी गाव विचारलं की मी सरळ 'लातूर' सांगून मोकळा होतो. औसा म्हटलं की समोरचा 'काय?' म्हणतो आणि मग मला तुळजापूरपासून सुरुवात करावी लागते.

तर २०२४ चा थर्टीफर्स्ट. एक्सेलनं गोव्याच्या हॉटेलांची शीट टाकली. एका खोलीच्या भाड्यात आमचा महिन्याचा डबा निघत होता. ग्रुपवर शांतता पसरली. तेवढ्यात मी टाइप केलं, "माझ्या गावाला येता का? ३० तारखेला येळवस आहे."

"ते काय असतं?" जीपीएस.

"जेवण असतं?" बाप्पा.

"पर हेड किती?" एक्सेल.

"फुकट."

पाच वर्षांत पहिल्यांदा आमचा एखादा प्लॅन चार मिनिटांत फायनल झाला.

आता तुम्हाला खरं सांगतो. मित्रांना गाव दाखवायची मला हौस आली होती असं काही नाही. मला बॉडीगार्ड हवे होते. झालं होतं असं, की पुनावळ्यात एक टू बीएचके बघितला होता. बँक ऐंशी टक्के देते म्हणते, उरलेले वीस टक्के आणि वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आपण आणायचं. माझ्याकडे त्यातले जेमतेम सात टक्के होते. दिवाळीत फोनवर मी अण्णांना म्हणालो, "आपली रस्त्याकडेची दोन एकर काढली तर?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग अण्णा म्हणाले, "येळवसला ये. मग बोलू."

गेली सहा वर्षं मी येळवसला गेलो नव्हतो. दर वर्षी कारण तयार. रिलीज आहे, क्लायंट आहे, सुट्टी नाही. या वेळी जाणं भाग होतं. मग डोकं चालवलं, की बरोबर तीन पाहुणे नेले तर जमिनीचा विषय निघणारच नाही. पाहुण्यांसमोर आपली माणसं असलं काही बोलत नाहीत. सॉलिड प्लॅन होता.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कागदोपत्री हिला दर्शवेळ अमावस्या म्हणतात. मार्गशीर्षातली अमावस्या. कर्नाटकाला लागून असलेल्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात हा दिवाळीएवढा मोठा सण, आणि पुण्यात कॅलेंडरवर फक्त एक काळा ठिपका. या दिवशी सगळं गाव शेतात जातं. सगळं म्हणजे सगळं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग दिवसभर शेतातच जेवायचं, लोळायचं, झोके घ्यायचे. जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. लातूरसारख्या शहरातल्या भर चौकात तुम्ही क्रिकेट खेळू शकता. बॉल अडवायलाही कुणी सापडणार नाही.

शेवटचं हे वाक्य मी मित्रांना सांगितलं होतं. त्याचा नीट अर्थ मला स्वतःलाच नंतर कळला.

सोमवारी पहाटे चारला निघालो. मी मागच्या सीटवर झोपलो. झोपताना एवढंच बोललो, "वाटेत उजनीला थांबू. उजनीची बासुंदी फेमस आहे." जाग आली तेव्हा गाडी थांबलेली, उजाडायला लागलेलं आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. आमच्या लातूरकडे एवढं पाणी? एवढं असतं तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं नसतं.

"आली तुझी उजनी," जीपीएस म्हणाली. "बासुंदी कुठे?"

आता यात चूक कुणाची, तुम्हीच ठरवा. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर धरण आहे ती एक उजनी. आणि तुळजापूरवरून औशाला येताना वाटेत लागते ती दुसरी उजनी, आमच्या तालुक्यातली, बासुंदीची. पहिलीत पाणी, दुसरीत दूध. या दोन उजन्यांत चांगलं दोन-अडीच तासांचं अंतर. बाप्पानं तरी एका माणसाला विचारून घेतलंच. तो म्हणाला, "बासुंदी नाही. मासे हायेत."

उजनीचं पाणी लातूरला येणार, हे मी कित्येक निवडणुकांपासून ऐकत आलोय. पाणी काही आलं नाही. म्हटलं, चला, निदान लातूरचा एक माणूस तरी उजनीला जाऊन आला.

दुसऱ्या उजनीत पोचलो तोवर साडेअकरा वाजून गेले होते आणि आम्ही थांबलो तिथलं शटर खाली. शेजारचं खाली. समोरचं खाली. "आज येळवस," मी ओशाळून म्हणालो. बाप्पानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या ताटातला मोदक उचललाय.

आणि औसा दोन किलोमीटरवर राहिलं असताना टायर बसला. स्टेपनी काढली. ती आधीच बसलेली. स्टेपनीत हवा भरून घेण्याचा खर्च एक्सेलनं शीटमध्ये 'पुढच्या महिन्यात' असा टाकला होता म्हणे. पायडलवर गाडी रांगत रांगत गावात आणली. बसस्टँडपासून बाजारापर्यंत पंक्चरची दुकानं मला तोंडपाठ. एकूण एक बंद. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपलेलं, हॉर्न दिला तरी उठेना. त्यालाही माहीत असावं, आज कुणी येत नाही.

अण्णांना फोन लावला. शेतात रेंज नाही. आईचा फोन घरात वाजत असणार, आणि घराला कुलूप.

"इथे बघण्यासारखं काय आहे?" जीपीएसनं विचारलं. खरं तर हाच प्रश्न टाळण्यासाठी मी बारा वर्षं 'लातूर' सांगत आलो.

"किल्ला आहे," मी म्हणालो.

पुण्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की तो आपोआप मान वर करतो. तिघांनी मान वर केली. जीपीएस मॅप आणि आभाळ आळीपाळीनं बघत म्हणाली, "मॅपवर तर आपण पोचलोय. कुठे आहे?" मी खाली बोट दाखवलं. औशाचा किल्ला भुईकोट आहे, आणि तोही खोलगट जागेत बांधलेला. चारही बाजूंची जमीन त्याच्यापेक्षा उंच. जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. मग एकदम समोर रुंद खंदक, दुहेरी तट, एकामागून एक बुरूज. बहामनी काळातला किल्ला. पुढे निजामशाही आली, आदिलशाही आली, १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजेनं घेतला, शेवटी हैदराबादच्या निजामाकडे होता तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. हे सगळं मी खंदकाच्या काठानं चालत भडाभडा सांगितलं आणि शेवटी सवयीनं म्हणालो, "म्हणजे सिंहगडासारखं काही नाही. साधाच आहे. सॉरी."

"तू सकाळपासून किती वेळा सॉरी म्हणालास?" जीपीएसनं विचारलं. "उजनीला सॉरी, शटरला सॉरी, टायर याचा बसला तरी तू सॉरी."

"सात वेळा," एक्सेल म्हणाला. याच्याकडे त्याचाही हिशेब होता.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पंधरा-वीस माणसं, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, एक आजी, दोन शेरडं. ड्रायव्हरनं गाडीकडे बघून ट्रॅक्टर थांबवला.

"पावनं, काय झालं? पंक्चर? आन येळवसच्या दिशी पंक्चर काडणारा कुठं घावंल? त्यो बी शेतात हाय की."

"कुठल्या शेतात?"

"आमच्याच. बसा."

अशा रीतीनं पुण्यातले तीन इंजिनिअर आणि एक फायनान्सवाला ट्रॉलीत बसून पंक्चरवाल्याला शोधायला निघाले. आजींनी जीपीएसला न्याहाळून मला विचारलं, "सून का?" मी घाईघाईनं नाही म्हणालो. जीपीएसनं मॅप बंद करून फोन खिशात ठेवला. मी तिला पहिल्यांदाच तसं करताना बघत होतो.

पंक्चरवाला सापडला. लिंबाच्या झाडाखाली पालथा पडून लहान पोरांना पाठीवर नाचू देत होता. त्याला सगळी हकिगत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली.

"काडून देतो की. आदी जेवा."

"तुम्ही काढून द्या, आम्ही नंतर जेवतो," एक्सेल म्हणाला.

"न्हाई जमायचं. आज आदी जेवान."

पुढ्यात पत्रावळी आल्या. आता इथे आणखी एक घोटाळा. मी बाप्पाला 'भज्जी' सांगितली होती आणि तो रात्रीपासून कांदाभजी डोळ्यांपुढे ठेवून उपाशी होता. येळवसची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, असं सगळं बेसन लावून शिजवलेलं, दाट, आंबट-तिखट, हिरवंगार प्रकरण. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर. आणि अंबिल. ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेलं, माठातलं, थंडगार. बाप्पानं पहिला घास घेतला, दोन सेकंद डोळे मिटले आणि मग पुढची वीस मिनिटं कुणाशीही बोलला नाही.

जेवता जेवता मी पंक्चरवाल्याला विचारलं, "हे तुमचं शेत?"

"माजं कुठलं? मालकाचं हाय." तो खीर वाढत होता. "आमचं हुतं तीन एकर, पलीकडच्या अंगाला. बहिणीच्या लग्नात आन दुकानात गेलं. दुकान चांगलं चालतंय, खोटं कशाला बोलू? मोटारसायकल घेतली, पोरगी लातूरला शिकतीय. चांगलंच झालं." मग जरा थांबून म्हणाला, "पर येळवस आली की सकाळी सकाळी इचार पडतो. औंदा कुणाच्या कोपीत बसायचं? कुणी बी बोलवतं, तसं काय न्हाई. आज कुणाला न्हाई म्हनत न्हाईत. पर बोलवावं लागतं."

तो सहज बोलून पुढे वाढायला गेला. माझा उंडा हातातच राहिला.

हेंडगा झाल्यावर, म्हणजे रात्री, पंक्चर काढून गाडी तुमच्या दारात आणून लावतो, असा शब्द त्यानं दिला. एक्सेलनं किल्ली दिली. जो माणूस आम्हाला आत वेफर्स खाऊ देत नाही, त्यानं तासाभराच्या ओळखीवर गाडीची किल्ली दिली. अंबिलाचा असर असणार. अंबिल प्यायलं की झोप येते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एक्सेलला माहीत नव्हतं. तो चार पेले प्यायला होता.

आमच्या शेतात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. कोपीवर आईची जुनी शाल, आत पाच पांडव, पुढे अंबिलाचं लोटकं. आई बांधावरच उभी. तिनं आधी तिघांना जवळ घेतलं, मग माझ्याकडे बघितलं. "किती वाळलाव रे समदे." बाप्पाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वाळला म्हणालं. त्यानं तिथल्या तिथे तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि दुसऱ्यांदा जेवायला बसला.

मी आपलं सुरू केलं. "आई, यांना पंगतीत बसायची सवय नाही, खुर्ची नाही का? अण्णा, ऊन फार आहे हो. अरे, इथे माश्या असतात, सॉरी हां." असं बरंच. आई ऐकत होती. मग भाकरी वाढता वाढता ती हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुला आमची लाज वाटतीय का रं?"

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो. इतक्या लगेच, की ते खरं वाटलं नसणार.

त्यानंतर अर्धा तास सगळं छान चाललं होतं. जीपीएस झोक्यावर होती. बाप्पा घाटे सोलून खात होता. अण्णा मला तूर दाखवत होते आणि मी खूश होतो, की आपला प्लॅन चालला. विषय काही निघत नाही. आणि तेव्हाच लिंबाखाली आडवा पडलेला एक्सेल अर्धवट झोपेत, अगदी प्रेमानं बोलला, "काका, रस्त्याकडेची दोन एकर म्हणजे हीच ना? याच्या फ्लॅटच्या शीटमध्ये मी पकडलीत. रेट काय चाललाय?"

झोका थांबला. आई भांडी गोळा करत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं, आता भुईकोट किल्ल्यासारखं आपणही जमिनीत खाली जावं, जवळ येईपर्यंत कुणाला दिसू नये.

अण्णा अजिबात चिडले नाहीत. त्यांनी रेट सांगितला. हायवे झाल्यापासून कसा वाढला तेही सांगितलं. "सोयाबीनचा हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव," ते म्हणाले. "बाजारात चार हजाराच्या आसपास बोलायलेत. दोन एकरात खर्च जाऊन काय उरतं ते तुमी तुमच्या कागदात मांडा बरं, साहेब." एक्सेल उठून बसला आणि त्यानं खरंच फोन काढून मांडलं. बियाणं, खत, फवारणी, मजुरी. खालचा आकडा बघून त्यानं फोन उलटा ठेवला.

"बघा. हिशेबानं पोराचंच बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "म्या इकणार न्हाई असं कवा म्हनलं? म्या म्हनलं, येळवसला ये."

मग ते कोपीकडे बघत बोलले. मला नाही, माझ्या मित्रांना सांगितलं. "त्र्याण्णवच्या ३० सप्टेंबरला पहाटं भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यात. तिकडं गावंच्या गावं गेली. आमचं औशातलं माळवद अर्धं खाली आलं. ही चार महिन्यांची गरोदर. घरात झोपायचं धाडस हुईना. मग या जागंला, बघा, कोप हाय तितं पत्रे ठोकले. ह्यो फेब्रुवारीत झाला, तवर आमी हितंच. घर गेलं. जिमीन हालली, पर गेली न्हाई."

ही गोष्ट मला माहीत होती. म्हणजे लहानपणापासून कानावर पडलेली. पण पहिलं घर घ्यायला म्हणून मी जी जागा विकायला सांगत होतो, ते माझं पहिलं घर होतं, असा हिशेब मी कधी मांडला नव्हता. एक्सेलच्या शीटमध्येही तो कॉलम नव्हता.

विषय तिथेच संपला. अण्णांनी पुढे नेला नाही, मीही नाही. दिवस मावळला तसा आजूबाजूच्या शेतांतून हाळ्या ऐकू यायला लागल्या. अण्णांनी कडब्याची पेंडी पेटवली. हाच हेंडगा. पेटती पेंडी घेऊन पिकाभोवती पळायचं. लहानपणी मी अण्णांच्या मागे पळायचो. या वेळी त्यांनी पेंडी माझ्या हातात दिली. "माजं गुडघं आता काय साथ देत न्हाईत. तू पळ."

पुण्यात माझी जिमची वर्षाची मेंबरशिप आहे. शंभर मीटरवर माझा दम संपला. काळ्या मातीत एक बूट अडकून राहिला, तो काढायला वाकलो तर ठिणगी शर्टवर. मागून बाप्पा ओरडतोय, जीपीएस 'डावीकडे, डावीकडे' म्हणून रस्ता सांगतेय, एक्सेल व्हिडिओ काढतोय. एका पायात बूट नाही अशा अवस्थेत मी सहा एकरांची फेरी पूर्ण केली. लांबपर्यंत काळोखात असेच ठिपके पळत होते. प्रत्येक शेतात एक. पंक्चरवाला कुणाच्या तरी शेताभोवती पळत असेल का, असं एकदा मनात आलं. आणि मग हेही आलं, की पुढच्या वर्षी अण्णांना कुणी बोलवलं तर ते जातील का? मी त्यांना ओळखतो. ते जाणार नाहीत. घरीच बसतील आणि म्हणतील, गुडघे दुखायलेत.

रात्री घरी आलो तर दारात गाडी उभी. टायर ठीक, स्टेपनीत हवा, आणि पुढच्या सीटवर फडक्यात बांधलेल्या तिळाच्या पोळ्या. पैसे द्यायला सकाळी दुकानावर गेलो. पंक्चरचे घेतले. पोळ्यांचे विचारल्यावर रागावला.

३१ तारखेला परतताना आमची उजनी उघडी होती. बासुंदी खाल्ली. बाप्पानं पाच वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "गोव्यात काय ठेवलंय?" थर्टीफर्स्टचे बारा आम्हाला इंदापूरच्या पुढे ट्रॅफिकमध्ये वाजले. कुठेतरी लांब फटाके फुटले. जीपीएसनं मॅपवरून मान न काढता हॅपी न्यू इयर म्हटलं. एक्सेलनं शीट बंद करून टाकली. चार माणसं, दोन दिवस, एकूण खर्च डिझेल, टोल, एक पंक्चर आणि बासुंदी. म्हणाला, "हिशेब जुळत नाहीये. आपल्याकडून बरंच येणे बाकी आहे त्यांना."

आईनं दिलेली पिशवी मी दुसऱ्या दिवशी उघडली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाच किलो तूरडाळ. आणि डाळीच्या खाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद. सातबारा. रस्त्याकडेच्या दोन एकरांचा. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही.

या गोष्टीचा शेवट म्हणून मी काहीतरी ठरवलं असं सांगायला आवडलं असतं. बिल्डरकडून मुदत मागून घेतली. तो आठवड्यातून दोनदा फोन करतो. घरभाड्याचं अॅग्रीमेंट अकरा महिन्यांसाठी पुन्हा केलं. ते आणि सातबारा एकाच ड्रॉवरमध्ये आहेत. कुणी गाव विचारलं तर आता औसा सांगतो. समोरच्यानं 'काय?' विचारलं तर तुळजापूरपासून सुरुवात करतो. वेळ लागतो, पण लागू दे. ग्रुपचं नाव बदलून 'येळवस फायनल' झालंय. गोव्याचं बघू.

आणि हो, पिशवी उघडली त्या दिवशी मी अण्णांना फोन केला होता.

"अण्णा, डाळीत सातबारा आलाय. चुकून आला का?"

"चुकून कसा येईल?" अण्णा म्हणाले. "तुजाच हाय."